कच्चा मासा नको असणाऱ्यांसाठी नागपुरातली सुशी: काय मागवावं, काय परत पाठवावं

मेन्यूकार्डावर 'क्रिस्पी', 'फ्राइड' किंवा 'टेम्पुरा' असं छापलं की आत कच्चा मासा नसणार, असं धरून नागपुरात सर्रास ऑर्डर दिली जाते. तसं नसतं. धरमपेठेतलं पॅन-एशियन रेस्टॉरंट असो, वर्धा रोडवरचं मोठं हॉटेल असो की फक्त पार्सल देणारं क्लाउड किचन, टेम्पुरा रोल या एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ ताटात येतात. कच्च्या माशाला बिचकणाऱ्याने त्यातला कुठला घ्यावा हे आधी समजून घेतलेलं बरं.

पहिल्या प्रकारात झिंगा किंवा भाजी आधी पिठात घोळून तळतात आणि मग भात आणि नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पानात, गुंडाळतात. हा सरळ मामला आहे, आत जे आहे ते पूर्ण शिजलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात आख्खा रोल बांधून झाल्यावर तो पिठात बुडवून, वर पांकोचा, म्हणजे जपानी पावाचा, जाडसर चुरा लावून तेलात सोडतात. असा रोल १८० अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात जेमतेम एक ते दीड मिनिट राहतो. त्याहून जास्त ठेवला तर आवरण फुटतं आणि भात तेल प्यायला लागतो. एवढ्या वेळात चुरा खरपूस होतो, भाताचा वरचा थर गरम होतो आणि मधला मासा फार तर कोमट होतो, कारण भाताचा जाड थर उष्णता पटकन आत जाऊ देत नाही. आत कच्चा सॅल्मन भरला असेल तर कापलेल्या तुकड्यात कडेला फिकट गुलाबी रेघ आणि मधोमध तसाच नारिंगी, ओलसर चकाकणारा मासा दिसतो. शेफच्या लेखी ही चूक नसते, तो रोल तसाच करायचा असतो. पण तुम्ही मागितलं होतं ते हे नव्हे.

म्हणून 'हे तळलेलं आहे ना?' असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, उत्तर नेहमी 'हो' येणार. विचारायचं ते असं: "भाऊ, रोलमध्ये जे भरता ते भरण्याच्या आधी शिजवलेलं असतं का?" वाढणाऱ्याला माहीत नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो. विचारायला न जाता ठोकून 'हो' म्हणणाऱ्या ठिकाणी भाज्यांचा रोल घ्यावा, हे आमचं मत.

आणखी काही नावं फसवतात. स्मोक्ड सॅल्मन हा त्यातला पहिला. फिलाडेल्फिया रोलमध्ये क्रीम चीजबरोबर तोच असतो. सुशीत वापरतात तो थंड धुरावरचा सॅल्मन: मीठ लावून, साधारण ३० अंशांच्या खालच्या धुरात ठेवलेला. मीठ आणि धुराने तो टिकतो, शिजत नाही. 'अबुरी' म्हणजे वरून टॉर्चने भाजलेला, पण भाजणी एक-दोन मिलिमीटरपुरती. 'तताकी'चंही तेच, कडा शिजलेल्या आणि पोट कच्चं. कॅलिफोर्निया रोल शिजलेल्या मालाचा असतो खरा, पण त्याच्या बाहेरून चिकटवलेले बारीक नारिंगी दाणे, तोबिको किंवा मासागो, ही माशाची अंडी असतात, खारवलेली पण न शिजवलेली. गरोदर बाईसाठी मागवत असाल तर 'दाणे नको, तीळ लावा' एवढं सांगितलं की काम होतं. आणि 'एबी' म्हणजे उकडलेला झिंगा असला तरी 'अमाएबी' हा कच्चाच वाढतात. नावात दोन अक्षरांचा फरक, ताटात सगळाच.

कच्च्या माशाची भीती अगदीच निराधार नाही, तशी ती लोक समजतात त्या कारणाचीही नाही. समुद्र शेकडो किलोमीटर दूर म्हणून मासा शिळाच असणार, असं नागपुरात बोललं जातं. सुशीसाठीचा मासा गोठवून आणणं हा कमीपणा नसून सुरक्षेचा भाग आहे. समुद्री माशांत अनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर १५ तास गोठवून ठेवल्यावर त्या मरतात, हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा मापदंड बहुतेक ठिकाणी धरला जातो. घरच्या फ्रिजचा बर्फकप्पा तिथपर्यंत भरवशाने पोचत नाही. जंतांच्या बाबतीत शिजवण्याने काम याहून सोपं होतं, माशाच्या गाभ्यात ६३ अंश आले की पुरे. खरी सावधगिरी गोड्या पाण्यातल्या माशाबाबत हवी. भंडारा-गोंदियाच्या तलावांतला किंवा मंगळवारी बाजारात मिळणारा रोहू, कतला कितीही ताजा असला तरी सुशीत कच्चा घालायचा नाही. गोड्या पाण्यातल्या माशांत यकृतापर्यंत पोचणारे परजीवी असू शकतात.

आता भात. शिजवलेल्या सुशीत माशाची ताजगी हा निकष मागे पडतो आणि स्वयंपाकघराचं सगळं कसब भातात उघडं पडतं. आठ तुकड्यांच्या एका रोलला अर्ध्या नोरीवर साधारण १०० ते १२० ग्रॅम भात लागतो, सारण ४० ते ५० ग्रॅम. दोन तृतीयांशाहून अधिक भातच खाताय, तर परीक्षा त्याचीच घ्यायला हवी.

लागतो तो आखूड, गोल दाण्याचा जपानी जातीचा तांदूळ. त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी असल्याने शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून राहतात, पण लगदा होत नाही. विदर्भात तांदळाची वानवा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड फकीर गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडत निवडत तयार केलेलं एचएमटी हे वाण वरणाखाली वाढावं असं आहे, दाणा बारीक आणि सुटा. सुशीला नेमका तो सुटेपणाच नडतो. काही किचन खर्च वाचवायला असा बारीक तांदूळ जास्त पाण्यात गिचका शिजवून चिकट करतात. तो रोल बांधला जातो, पण तोंडात दाणा लागत नाही, खळीसारखं काहीतरी लागतं. बासमतीचा रोल तर चॉपस्टिकने उचलताच सुटतो. पॅकेटावर 'सुशी राइस' लिहिलेला आयात तांदूळ वापरला की नाही, हे विचारून कळत नाही. तुकड्याच्या कापलेल्या बाजूकडे पाहून कळतं. दाणे वेगवेगळे मोजता यावेत, मध्ये थोडी हवा असावी, थराची जाडी सगळीकडे पाऊण सेंटीमीटरच्या आत आणि सारण मधोमध असावं. भात एका बाजूला जाड आणि सारण कडेला सरकलेलं असेल तर रोल घाईत बांधलाय.

भाताची चव सिरक्यावर ठरते. ३०० ग्रॅम तांदूळ पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, ३३० ते ३६० मिली पाण्यात शिजवायचा आणि गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा. त्याला ४५ मिली तांदळाचा सिरका, २० ते २५ ग्रॅम साखर आणि ५-६ ग्रॅम मीठ. हे मिश्रण साखर विरघळण्यापुरतंच कोमट करायचं, उकळलं की सिरक्याचा वास उडतो. भात वाफाळता असतानाच ते ओतायचं आणि उलथन्याने ढवळायचं नाही, कापल्यासारखं फिरवायचं. ढवळलं की दाणे मोडतात. थंड भातात ओतलं तर मिश्रण आत शिरत नाही, तळाशी साचतं.

नागपुरात सगळ्यात जास्त आढळणारी खोट म्हणजे तांदळाच्या सिरक्याऐवजी चायनीजच्या टेबलावरचं साधं पांढरं व्हिनेगर. आंबटपणाचा आकडा दोन्हींचा जवळपासच असतो, पण पांढऱ्या व्हिनेगरला मागे गोडसर चव नसते, नुसता टोचणारा वास असतो. तुकडा नाकाजवळ नेल्यावर मिरच्यांच्या लोणच्याच्या बरणीची आठवण झाली तर तेच समजा. उलटी खोटही असते: सिरकाच नाही, नुसता साखर घातलेला भात. ती जास्त धोक्याची. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि कोमट भातात वाढतात. पुरेसा सिरका घालून पीएच ४.६ च्या खाली आणला की ती वाढ रोखली जाते. भातातला आंबटपणा निव्वळ चवीसाठी नसतो तो असा.

तिसरी खोट फ्रिजची. भात शरीराच्या तापमानाला, म्हणजे हाताला ना गरम ना गार, असा वाढायचा असतो. दुपारी रोल बांधून फ्रिजमध्ये टाकले की भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा आतून खडूसारखा कोरडा लागतो. तळलेल्या रोलमध्ये हे हमखास सापडतं, कारण गार रोल तेलात आकार धरून राहतो म्हणून किचनला तो सोयीचा. बाहेरून चटका आणि मध्ये गारेगार कडक भात असा तुकडा लागला तर परत पाठवावा. संकोच करायचं कारण नाही, एवढ्या पैशात कोमट भात मिळायलाच हवा.

तळणीकडे वळू. टेम्पुराचं पीठ भज्यांच्या पिठाच्या उलट वागणुकीचं आहे. १०० ते १२० ग्रॅम मैदा, एक अंडं आणि त्यासह मोजून २०० मिली बर्फाचं पाणी. चार-पाच फटक्यांत मिसळायचं, गाठी राहिल्या तर राहू द्यायच्या. जास्त फेटलं किंवा पाणी कोमट झालं की मैद्यातलं ग्लुटेन जुळतं आणि आवरण पातळ कुरकुरीत न होता पुरीसारखं चिवट होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना तळणीशेजारी ठेवलेलं पीठ दहा मिनिटांत गरम पडतं. चांगलं किचन पिठाचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवतं आणि थोडं थोडंच कालवतं. ताटात हे ओळखायचं कसं? आवरण फिकट सोनेरी, खरबरीत, दातांखाली लगेच मोडणारं असावं. गडद तपकिरी, गुळगुळीत आणि आतून पिठूळ असेल तर ते भज्याचं पीठ आहे, बेसन नसलं तरी.

तेल भाज्यांना १६० ते १७०, झिंग्याला १८० च्या आसपास. आपल्याकडचं रिफाइंड सोयाबीन तेल याला चालतं, त्याला स्वतःचा वास फारसा नसतो. बिघडतं ते दुसऱ्या कारणाने: सुशीसोबत चिकन लॉलीपॉप आणि ड्रॅगन पोटॅटो विकणाऱ्या किचनमध्ये कढई एकच असते. झिंग्याच्या टेम्पुराला आलं-लसूण आणि लाल रंगाचा वास आला की तेल कुणाच्या वाट्याचं होतं ते कळतं. शाकाहारी माणसाने तर हे आधीच विचारावं. 'व्हेज टेम्पुरा वेगळ्या कढईत तळता का?' याला संध्याकाळच्या गर्दीत खरं उत्तर बऱ्याचदा 'नाही' असतं.

आख्खा तळलेला रोल हा आपल्या पुडाच्या वडीचा भाऊबंद आहे आणि फसतोही तसाच: पुडाचं तोंड नीट मिटलं नसेल तर तेल आत शिरतं आणि सांबार, म्हणजे आतली कोथिंबीर, बाहेर येतो. रोलची दोन्ही टोकं उघडी असतात, तिथे पीठ आणि पांको दाबून बूच बसवावं लागतं. नोरीचा शेवटचा सेंटीमीटर ओला करून चिकटवला नसेल तर शिवण उलगडते. आत पोकळी राहिली असेल तर वाफ कोंडून मध्येच फुटतो. तेल १६० च्या खाली असेल तर चुरा रंग धरायलाच दोन-तीन मिनिटं घेतो आणि तोवर भात तेलाने ओथंबतो. असा तुकडा टिश्यूवर दहा सेकंद ठेवून पाहा, खाली रुपयाएवढा डाग पडला तर तेल गार होतं.

तळून झाल्यावर कापणी. सुरी ओल्या कपड्याने पुसत, मागे-पुढे ओढत कापावी लागते. बोथट सुरी दाबली की गोल तुकड्याचं अंडाकृती होतं आणि चुरा गळून पडतो. आठपैकी दोन टोकाचे तुकडे नेहमीच ओबडधोबड असतात, त्याबद्दल तक्रार नको. सहा मधले तुकडे चपटे असतील तर जरूर करा.

आता एकेक पदार्थ, आमच्या पसंतीच्या क्रमाने.

झिंगा टेम्पुरा रोल, आधी तळून मग गुंडाळलेला, ही नागपुरात कच्चं न खाणाऱ्याने द्यायची पहिली ऑर्डर. झिंगा इथे गोठवलेलाच येतो, बहुतेक आंध्रच्या किनारपट्टीवरच्या शेततळ्यांतला, आणि या पदार्थाला तो चालतो. नीट केलेल्या झिंग्याची खूण म्हणजे तो सरळ असतो. पोटाकडून चार-पाच उथळ चिरे देऊन हलकेच दाबला की आतले स्नायू सुटतात आणि तेलात तो वळत नाही. पाठीतला काळा धागा काढलेला हवा, नाहीतर कचकच लागते. शेपटीच्या टोकातलं पाणी सुरीने निपटून काढतात, तेवढं राहिलं तर तेल उडतं. रोलच्या दोन्ही टोकांतून शेपट्या बाहेर आलेल्या दिसल्या की आत सरळ, पूर्ण झिंगे आहेत याची खात्री. शेपट्या नसतील आणि आत गोल वळलेले छोटे तुकडे असतील तर पैसे भाताचे दिलेत. या रोलची कमजोरी वेळ. गुंडाळल्या क्षणापासून भाताची वाफ टेम्पुरा मऊ करायला लागते, दहा मिनिटांनंतर कुरकुरीतपणा निम्मा जातो. म्हणून तो सगळ्यात शेवटी मागवावा आणि आल्याबरोबर खावा. फोटो नंतर.

उनागी मिळत असेल तर चुकवू नये. ही गोड्या पाण्यातली ईल, भाजून, वर सोया, मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू) आणि साखरेचा आटवलेला दाट सॉस लावलेली. ती जपानातही कच्ची खात नाहीत, कारण ईलच्या रक्तातलं विषारी प्रथिन शिजवल्यावरच निष्प्रभ होतं. त्यामुळे कच्च्याला घाबरणाऱ्यासाठी यात शंकेला जागा नाही. इकडे येते ती भाजून, सॉस लावून, हवाबंद गोठवलेली, किचनने फक्त ग्रिलखाली चार-पाच मिनिटं गरम करायची. मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तर कातडी रबरी होते आणि सॉस पाझरतो. केसाएवढे मऊ काटे लागतात, ते खाल्ले तरी चालतात. आपल्याकडे वाम म्हणून मिळणारा लांबोळा मासा दिसायला जवळचा, पण कूळ वेगळं आणि चरबी कितीतरी कमी, त्यामुळे त्याने काम भागत नाही. उनागी महाग असते, ते बरोबरच आहे. जपानी ईल धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, म्हणून आठवड्याला खायचा पदार्थ तो नव्हे.

कानिकामा, म्हणजे मेन्यूवरचं 'क्रॅब स्टिक', खेकडा नसतो. पांढऱ्या माशाचा धुतलेला लगदा, स्टार्च, अंड्याचा पांढरा भाग, साखर, खेकड्याचा स्वाद आणि बाहेरून लाल रंग. तो कारखान्यातच शिजवलेला असतो, वितळवून थेट खाता येतो. कॅलिफोर्निया रोलमध्ये काकडी आणि अवाकाडोबरोबर तो छान बसतो, लहान मुलांना तर हमखास आवडतो. तळला की बिघडतो: एका मिनिटाच्या पुढे खोडरबर. अंड्याची किंवा कवचाच्या जलचरांची ॲलर्जी असणाऱ्यांनी 'खेकडा नाहीच' या भरवशावर राहू नये. स्वादासाठी खेकड्याचा अर्क असू शकतो आणि अंडं बहुधा असतंच.

तामागो, गोडसर ऑम्लेटची चौकोनी वडी भातावर ठेवून नोरीच्या पट्टीने बांधलेली, ही किचनची परीक्षा घ्यायची स्वस्त युक्ती आहे. पातळ थर एकावर एक गुंडाळलेले आडवे दिसायला हवेत. एकसंध पिवळी, भोकं पडलेली वडी म्हणजे एकदाच ओतून वाफवलेलं अंडं.

एबी निगिरी, भाताच्या मुटक्यावर ठेवलेला उकडलेला झिंगा, तब्येतीला हलका पण नागपुरात क्वचितच चांगला मिळतो. पोटाच्या बाजूने काडी खुपसून दोन-तीन मिनिटं उकळायचा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. हे दुसरं पाऊल गाळलं की झिंगा आतल्या उष्णतेने शिजतच राहतो आणि तंतुमय होतो.

शाकाहाऱ्यांसाठी शिजवलेल्या सुशीत बरंच काही आहे: रताळं, लाल भोपळा, फरसबी, वांगं, मशरूम यांचा टेम्पुरा, सोयात मुरवलेले शिताके मशरूम, गोड रसात उकळलेल्या तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी. रताळ्याचा टेम्पुरा रोल आम्हाला कित्येक ठिकाणच्या झिंग्यापेक्षा सरस वाटतो. फोडी अर्धा सेंटीमीटर जाडीच्या आणि १६० अंशांवर सावकाश तळलेल्या हव्यात, नाहीतर पीठ झालं तरी रताळं कच्चं राहतं. पनीरचा रोल शुद्धतावाद्यांना खपत नाही, आम्हाला खपतो, पण शेजवान चटणीत बुडवलेला नको. त्यात भाताचा आंबटपणा मरतो आणि आपण गार मंचुरियन खातोय असं वाटायला लागतं.

मात्र हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. जपानी स्वयंपाकातला दाशी हा मूळ रस वाळवलेल्या, धुरावलेल्या बोनिटो माशापासून होतो आणि तो मिसो सूपमध्ये, इनारीच्या रसात, तामागोत, टेम्पुरासोबतच्या पातळ सॉसमध्ये असतो. शिताके आणि कोंबू या समुद्री शेवाळाचा शाकाहारी दाशीही करतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. वरून भुरभुरणारे, गरम पदार्थावर हलणारे पापुद्रे दिसले तर ते माशाचे. मिरिनमध्ये मद्यार्क असतो, हेही ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

सॉसबद्दल एकच तक्रार: फार असतो. तिखट मेयो आणि उनागी सॉसच्या आडव्या-उभ्या रेघांखाली भात, मासा, तळणी सगळं सारखंच लागतं. त्यात इथे बहुतेक मेयो अंड्याविनाचा आणि गोड. 'सॉस वेगळ्या वाटीत द्या' म्हणावं. खराब भात झाकण्यासाठी सॉस असेल तर वाटी आल्यावर ते उघडं पडेलच. सोया सॉसही जपानी पद्धतीचा, पातळ हवा. फ्राइड राइसमध्ये पडणारा दाट काळा सोया सॉस कॅरॅमलच्या रंगाचा आणि कडसर असतो, दोन थेंबांत सगळं झाकतो. हिरवा वासाबी बहुतेक सगळीकडे हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचा असतो. झणका नाकात जातो तो मोहरीतल्याच द्रव्याचा, जिभेवर टिकत नाही. सावजीवर वाढलेल्यांनी त्याला कमी लेखून बोटभर खाऊ नये. आल्याचं लोणचं भडक गुलाबी असेल तर रंग घातलाय, फिकट पिवळसर-गुलाबी बरं. ते तुकड्यावर ठेवायचं नसतं, दोन वेगळ्या तुकड्यांच्या मध्ये तोंड साफ करायला.

नोरीचं पावसाळ्यात वेगळं दुखणं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडं राहिलेलं पाकीट तासाभरात मऊ पडतं, मग रोल चावताना तुटत नाही, दातांनी ओढावा लागतो. उपाय सोपा आहे, पान वाढायच्या आधी आचेवरून दोन-तीन सेकंद फिरवायचं, आणि जे किचन तो करत नाही तिथे पावसाळ्यात भात बाहेर असलेला उलटा रोल घ्यावा. त्यात नोरी आत असते आणि चिवटपणा कमी जाणवतो. उन्हाळ्यात नोरी कडक राहते, पण एसीच्या झोतात भाताला पापुद्रा धरतो.

पार्सलच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. धरमपेठेतून बेसा किंवा मनीषनगरपर्यंत संध्याकाळी पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात बंद डब्यातला तळलेला रोल वाफेने भिजतो. झाकणाला भोकं पाडलेला डबा देणारी किचन थोडी. घरी मागवायचं तर कॅलिफोर्निया, तामागो, इनारी, उनागी हे प्रवास सोसणारे. झिंगा टेम्पुरा हवाच असेल तर 'रोल करू नका, टेम्पुरा वेगळा कागदात आणि भात वेगळा द्या' असं फोनवर सांगावं. काही ठिकाणी देतात, नाही म्हणाले तर बिघडलं काय? ३२ अंशांच्या वरच्या हवेत शिजवलेलं अन्न बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नये, एरवी दोन तास. मे महिन्यात डिलिव्हरीवाला दुसऱ्या ऑर्डरसाठी वाटेत थांबला तर तो तास रस्त्यातच संपतो, आणि डब्यात मेयो आणि झिंगा असतो.

उरलेली सुशी फ्रिजमध्ये ठेवली की भात कडक होणारच. आख्खा तळलेला रोल तेवढा दुसऱ्या दिवशी काहीसा सावरता येतो: एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर तीन-चार मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. आत काकडी किंवा अवाकाडो असेल तर आधी काढून टाकावं. गरम काकडी पाणी सोडते आणि गरम अवाकाडो कडवट होतो.